चालू मशीनला हात लावू नये

"चार हजार सातशे बारा," कॅशियरबाई म्हणाली.

मी म्हटलं, बाई, पुन्हा बघा, तुम्ही दुसऱ्याच कोणाचं खातं उघडलंय. तिने पुन्हा बघितलं आणि स्क्रीनच माझ्याकडे वळवला. वर आम्हा नवरा-बायकोची नावं, खाली चार हजार सातशे बारा. आणि माझ्या हातात एक लाख ऐंशी हजार काढायची स्लिप. रांगेत मागे उभा असलेला एक गृहस्थ माझ्या खांद्यावरून ती स्लिप आणि तो स्क्रीन आळीपाळीने बघत होता. त्याच्याकडे मी असं बघितलं की तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला.

शनिवार होता. दहा वाजून पंचवीस मिनिटं. बारा वाजेपर्यंत दोन लाखांचा इसार मालकांच्या हातात पडला नाही, तर ज्या गाळ्यात माझ्या नवऱ्याने एकतीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केली, तो गाळा समोरचा औषधवाला घेणार होता. इतकं साधं प्रकरण होतं. आणि पैसे होते, हो. चौदा वर्षं साठवलेले होते. म्हणून तर माझं डोकं फिरलं.

कॅशियरबाईने माउस हलवून शोधलं. म्हणाली, आठ महिन्यांपूर्वी एक लाख ऐंशी हजार एकदम निघालेत, फंडात गेलेत. मी म्हटलं, कोणी काढले? ती म्हणाली, "जॉइंट खातं आहे ना, एकाची सही चालते. मिस्टरांनी काढले असतील." मिस्टरांनीच. दुसरं कोण.

मी अडतीस वर्षं नर्स आहे. पुरुषांच्या वॉर्डात काय काय बघितलंय ते सांगत बसत नाही, पण मला कधी घेरी आलेली नाही. त्या बँकेच्या बाकावर मात्र मला बसावं लागलं. बसल्या बसल्या मी यांना फोन लावला.

माझ्या नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणतात. मीही म्हणते. ते मला सिस्टर म्हणतात, लग्नाच्या आधीपासून, कारण ते पहिल्यांदा माझ्यासमोर आले तेच बोटात सुई घुसवून घेऊन. ती मी काढली, आणि पुढचं सगळं ओढवून घेतलं. त्यांचा गाळा म्हणजे आठ फूट बाय दहा फूट, दुमजली इमारतीच्या जिन्याला लागून. आत एक टेबल, दोन स्टुलं, फळीवर दुरुस्तीला आलेली मशीनं आणि भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेलं एक वाक्य: चालू मशीनला हात लावू नये. ते गिऱ्हाइकांसाठी. त्यांचं म्हणणं, निम्मी मशीनं बिघडून येत नाहीत, बिघडवून येतात. बरं चाललेलं असतं, बाईला वाटतं टाका जरा ढिला पडतोय, ती टेन्शनचा स्क्रू पिळते, मग दुसरा पिळते, आणि मग मशीन डोक्यावर घेऊन मिस्त्रींकडे येते. मिस्त्री स्क्रू जागेवर आणतात, चिंधीवर एक शिवण मारून ती चिंधी बाईच्या हातात देतात आणि भिंतीकडे बोट दाखवतात.

चौदा वर्षांपूर्वी आमच्याकडे एक पैसा शिल्लक नव्हता. दोघं कमावत होतो, तरी नव्हता. आमची पद्धत अशी, की महिनाअखेरीला जे उरेल ते साठवायचं. आणि महिनाअखेरीला कधी काही उरलं नाही. मग आमची मुलगी नोकरीला लागली. तिचं घरातलं नाव मनी. मांजरीसारखी पायात पायात करायची म्हणून ठेवलेलं. लागली ती नेमकी पैसे गुंतवायचे सल्ले देणाऱ्या कंपनीत, आणि हे घरातलं नाव तिथे फुटलं तेव्हा तिचे साहेब आठवडाभर हसत होते म्हणे. तर या मनीने एका रविवारी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि सुयांचे दोन रिकामे डबे पुढे ठेवले.

पहिली गोष्ट तिने सांगितली, उरेल ते साठवायचं नाही, साठवून उरेल त्यात भागवायचं. पैसे आले की आधी बाजूला. मग पहिल्या डब्यावर बोट ठेवून म्हणाली, हे हात लावायचे पैसे. सहा महिन्यांच्या खर्चाइतके, बँकेत, कधीही काढता येतील असे. कोणी आजारी पडलं, काही मोडलं, अचानक काही देणं आलं, तर इथून. आणि दुसरा डबा, हे हात न लावायचे. दर महिन्याला ठरावीक रक्कम फंडात. फंडवाले त्यातून बऱ्याच कंपन्यांचे थोडे थोडे शेअर घेतात. भाव वर जाईल, खाली जाईल, घाबरायचं नाही, दहा-पंधरा वर्षांत वाढतात, आणि वाढलेलेही परत वाढतात.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मशीनला महिन्याला दोन थेंब तेल. एकदम अर्धी बाटली ओतायची नाही, आणि एकही महिना चुकवायचा नाही." मनी खूश. मलाही वाटलं, अरे वा, नवरा हुशार निघाला.

तिने तिसरी गोष्टही सांगितली होती, ती मला पक्की आठवते. ज्या कामासाठी साठवताय ते काम दोन-तीन वर्षांवर आलं, की हळूहळू तिथून काढून बँकेत आणायचे. कारण बाजार काही तुमच्या सोयीने चढत नाही. मिस्त्रींनी मान डोलावली. ते मान डोलावतात तेव्हा त्यांनी ऐकलेलं नसतं, हे मला कळायला लग्नानंतर एक वर्ष लागलं होतं. मनीला अजून कळायचं होतं.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, उद्दिष्ट. घर, शिक्षण, लग्न, निवृत्ती, इतर. मिस्त्रींनी विचारलं, गाळा कुठे आहे? गाळा नव्हता. मग इतरवर खूण करून त्यापुढे त्यांनी लिहायला लावलं, गाळा.

आणि खरं ते खरं सांगते, चौदा वर्षांत त्यांनी एक महिना चुकवला नाही. एका वर्षी बाजार असा कोसळला की आमच्या मोठ्या डॉक्टरांनी घाबरून सगळं विकून टाकलं आणि राउंडला आले की सिस्टर लोकांवर खेकसायचे. मिस्त्रींचे निम्म्यावर आले होते. त्यांनी काही केलं नाही. भिंतीकडे बोट दाखवलं. दोन वर्षांनी सगळं भरून आलं, वर गेलं, आणि डॉक्टर मला विचारायला लागले की तुमचे मिस्टर नक्की काय करतात. हे सगळं मला मान्य आहे. ज्याचं त्याला श्रेय द्यावं. पण एखादी गोष्ट जमली म्हणून माणसाने तिची पूजा करावी का?

मागच्या सोमवारी मालक स्वतः गाळ्यात आले. ऐंशीच्या घरातले, काठी टेकत. म्हणाले, मुलाकडे राहायला जातोय, तिथे घर घ्यायचंय, गाळा विकतोय. अठरा लाख. "औषधवाला सहा महिने मागे लागलाय, मिस्त्री. पण पहिला हक्क तुमचा. शनिवारी दुपारी बारापर्यंत दोन लाख इसार द्या, बाकीचे दोन महिन्यांत." मी तेव्हा डबा द्यायला गेले होते, तिथेच होते. मला रडू आलं. फंडात साडेसोळा लाख, बँकेत सहा महिन्यांच्या खर्चाचे एक लाख ऐंशी, वर माझं थोडं. बसत होतं सगळं. चौदा वर्षं ज्यासाठी पोट आवळलं ते चालत दारात आलं होतं. मिस्त्री म्हणाले, बरं, आणि परत बॉबिन केसमध्ये डोकं घातलं.

सोमवारी रात्रीच्या जेवणाआधी मी विचारलं, काढायला टाकले? म्हणाले, आज बाजार पडलाय, जरा वर येऊ दे. मंगळवारी अजून पडला. बुधवारी थोडा चढला, तर म्हणाले, आता चढतोय तर कशाला हात लावायचा? मी म्हटलं, अहो, पडला तरी काढायचे नाहीत, चढला तरी काढायचे नाहीत, मग काढायचे कधी, आपण दोघं गेल्यावर? मनीचे दिवसातून चार फोन. बाबा, काढा. बाबा, यासाठीच साठवले होते. बाबा, साडेसोळाचे सोळाच्या खाली आले म्हणून काय झालं, भरलेत किती, साडेआठ. ते म्हणायचे, हो हो. आणि इकडे भाव बघत बसायचे. मोबाइल नाकाशी धरून, चष्मा कपाळावर.

गुरुवारी मी ड्यूटीवरून थेट गाळ्यात गेले आणि बॅग टेबलावर आपटली. म्हटलं, मला आज खरं काय ते सांगा. गाळा नकोय का तुम्हाला?

ते एका जुन्या मशीनचं चाक हाताने फिरवत होते, पुढे, मागे. मग म्हणाले, "सिस्टर, आयुष्यात माझं काहीही मी पाय हलवल्याशिवाय चाललं नाही. एक दिवस ताप आला तर त्या दिवसाची कमाई गेली. ही एकच गोष्ट आहे, मी झोपलो तरी चालते. ती बंद करायला हात होत नाही गं."

मी ते चाक हाताने थांबवलं. राग होताच. म्हटलं, ती चालत होती ती इथे येऊन पोचायला. पोचली. आता उतरा.

शुक्रवारी चार वाजता मी युनिफॉर्मवरच त्यांच्यासमोर उभी राहिले, मोबाइल हातात दिला आणि म्हटलं, दाबा. त्यांनी दाबलं. डोळे मिटून दाबलं, बोटात इंजेक्शन घेतल्यासारखं. मनीला फोन केला तर ती म्हणाली, तीननंतर दाबलं म्हणजे सोमवारचं धरतील, पैसे बुधवारी येतील. मी म्हटलं, येऊ देत बुधवारी. इसार काय, सकाळी बँकेतून देऊ, पहिला डबा आहे ना, वीसेक हजार माझ्या कपाटात आहेत. हे मी मिस्त्रींच्या समोर बोलले. मोठ्याने बोलले. ते फडक्याने सुई पुसत होते. पुसतच राहिले. तेव्हा एक शब्द बोलले असते, एकच, तर माझ्या हातात अख्खी शुक्रवारची संध्याकाळ होती.

म्हणून शनिवारी बँकेच्या बाकावरून मी विचारलं, पैसे कुठे गेले, तर पलीकडून आधी मशीनचा आवाज आला, मग तो थांबला. म्हणाले, "तिथे नुसते बसून होते गं. बसून राहिलेलं मशीन गंजतं. म्हटलं, तेही चालू दे."

मी विचारलं, काल का नाही सांगितलं? म्हणाले, तू रागावशील असं वाटलं. म्हणजे आता काय मी शाबासकी देणार होते?

भांडायलाही वेळ नव्हता. आमच्या इस्पितळाची पतपेढी शनिवारी बंद. मेट्रनबाईंना फोन केला, त्यांनी एक प्रश्न न विचारता चाळीस हजार पाठवले. वॉर्डातल्या माझ्या जोडीदारणीने वीस. मनीच्या हाताशी होते ते पन्नास तिने पाठवले, तिला घराचा हप्ता भरायचा होता तरी. कपाटातून आणलेले माझे वीस, खात्यातले चार. कॅशियरबाई बिचारी रांग थांबवून माझं काम करत होती. एक लाख चौतीस झाले. तेवढे घेऊन मी निघाले. पावणेबाराला बँकेतून मालकांच्या घरापर्यंत मी पळत गेले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, चपला हातात घेऊन.

मिस्त्री आधीच पोचले होते. दारातच उभे होते, हात तेलकट म्हणून आत बसायला तयार नव्हते. आत औषधवाला बसला होता. शर्टाच्या खिशातून चेकचं टोक वर आलेलं. तो काही वाईट माणूस नाही, मला बघून उठून उभा राहिला.

मी पैसे टेबलावर ठेवले आणि म्हटलं, काका, एवढे घ्या, बाकीचे सोमवारी पतपेढी उघडली की देते. बुधवारी तर सगळेच येतायत. मिस्त्री पुढे झाले आणि त्यांनी मोबाइल मालकांसमोर धरला. "हे बघा काका. आहेत. पंधरा लाख नव्वद हजार. खोटं नाही."

मालकांनी चष्मा लावला. मोबाइल हातात घेऊन नीट वाचलं, बोट खालून सरकवत. मग परत दिला.

"दिसतायत, मिस्त्री," ते म्हणाले. "पण हातात नाहीत. मलाही पुढे सोमवारी सकाळी दोन लाख भरायचेत. नाही भरले तर माझं तिकडचं घर जातं. मी सोमवारपासून वाट बघतोय तुमची."

मी औषधवाल्याकडे बघितलं. तो खाली बघत होता. घड्याळात बारा वाजून चार मिनिटं झाली होती. मालकांनी ती चार मिनिटंही आम्हाला दिली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

घरी येईपर्यंत रस्ताभर मी बोलत होते. काय काय बोलले ते आठवत नाही, चौदा वर्षांचं सगळं बोलले असेन. मनीने सांगितलेलं, मी सांगितलेलं, भिंतीवरचं ते वाक्य, सगळ्याचा उद्धार केला. लोक वळून बघत होते. मिस्त्री माझ्या चपला हातात घेऊन बाजूने चालत होते. मध्ये एकदा म्हणाले, "काच असेल गं कुठे, घाल पायात." मग मला अजूनच राग आला, कारण माझे डोळे भरून आले.

बुधवारी दुपारी पैसे आले. आम्ही जेवत होतो. मोबाइल वाजला, त्यांनी बघितलं आणि माझ्याकडे सरकवला. भाव सोमवारी थोडा चढला होता. सोळा लाख दोन हजार. एवढे पैसे एकत्र आमच्या खात्यात कधीच नव्हते. त्यांनी ताटातलं संपवलं, हात धुतला आणि गाळ्यात गेले. महिनाअखेरीपर्यंत रिकामा करायचा होता.

रविवारी मनी आली. तिला वाटलं होतं बाबा खचले असतील. ती समजूत घालायला लागली, की दुसरीकडे गाळा बघू, नाहीतर घरीच करा काम. त्यांनी तिला मध्येच थांबवलं. म्हणाले, "आधी सहा महिन्यांचे बँकेत ठेव. बसू देत त्यांना. कोणी हात लावला तर तुझ्या आईला सांग. बाकीचे परत लाव." मनीने फॉर्म उघडला. नाव, पत्ता, वय. मग तिचं बोट थांबलं आणि तिने माझ्याकडे बघितलं. मला कळलं कुठे थांबलं ते. रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

"काय लिहू, बाबा?"

"इतर," मिस्त्री म्हणाले.

"पुढे?"

त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. म्हणाले, पुढे राहू दे सध्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी रजा टाकली. मशीनं सगळी घरी गेली होती, टेबल तेवढं राहिलं होतं. औषधवाला किल्ली घ्यायला आला, त्याच्याबरोबर रंगारी होता. भिंतीवरचं वाक्य वाचून रंगारी म्हणाला, याला दोन हात लागतील. औषधवाला गोरामोरा झाला. मी रंगाऱ्याकडे असं बघितलं की तो बाहेर जाऊन उभा राहिला.

मिस्त्री किल्ली देईनात. मला वाटलं, झालं, आता इथे सगळ्यांसमोर. पण ते स्टुलावर चढले, हातात तेलाची छोटी कुपी. शटर एकतीस वर्षं कुरकुरत होतं. रोज सकाळी त्या आवाजाने वरच्या मजल्यावरच्यांना कळायचं की मिस्त्री आले. त्याला त्यांनी कधी तेल घातलं नव्हतं, रोज इतरांच्या मशीनला घालत होते तरी. आता दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत त्यांनी तेल सोडलं, शटर वर केलं, खाली केलं, परत वर केलं, फडक्याने जास्तीचं पुसलं. चौथ्या वेळी आवाज आला नाही.

मग ते खाली उतरले. किल्ली औषधवाल्याच्या हातावर ठेवली आणि तेलाची कुपीही.

"महिन्याला दोन थेंब," म्हणाले. "जास्त नको. आणि कधी अडकलं तर जोर लावू नका, मला बोलवा. मी घरीच असतो."

औषधवाला हो म्हणाला. मी टेबलाची एक बाजू उचलली, मिस्त्रींनी दुसरी. उंबऱ्यावर एक पाय अडला, तेव्हा मी म्हटलं, डावीकडे घ्या, डावीकडे, तुम्हाला एक गोष्ट धड ऐकू येत नाही. त्यांनी डावीकडे घेतलं, आणि आम्ही टेबल घेऊन घरी निघालो.